पद नसलेल्यांचं नेतृत्व आणि रोजची देशभक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात, प्रभागात किंवा सोसायटीत काहीतरी करू पाहणारी माणसं भेटली की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. काही प्रश्न मला विचारले गेले, काही मीच वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांना विचारले होते. कायद्याचे तपशील भारताचे आणि महाराष्ट्राचे आहेत. मतं माझी आहेत.

माझ्याकडे पद नाही, पैसा नाही, ओळखी नाहीत. मी कसलं नेतृत्व करणार?

गाडगेबाबांकडे खराटा होता, डोक्यावर गाडगं होतं आणि अंगावर चिंध्या. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. कीर्तन रात्री. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दिवसभर ज्याला झाडताना पाहिलं त्याचंच रात्री ऐकायला गाव बसायचं. २०००-०१ मध्ये राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला त्यांचंच नाव दिलं. आता मात्र क्रम उलटलाय: आधी भाषण, मग खराटा हातात धरून फोटो, आणि प्रत्यक्ष झाडायला नेहमीचे सफाई कामगार.

सुरुवात कुठून करायची, तर घरापासून दोनशे पावलांच्या आत, रोज जाता-येता दिसणारी एकच गोष्ट निवडा. बंद पडलेला दिवा, गळका नळ, अंगणवाडीसमोरचं डबकं. रोज दिसणारी अशासाठी की पाठपुराव्याला वेगळी फेरी मारावी लागत नाही. तालुक्याचा पाणीप्रश्न हाती घेऊन सुरुवात करणारे बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात गायब होतात.

गटाराच्या झाकणाचा आणि देशभक्तीचा काय संबंध?

संविधानात तो लिहिलेलाच आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क आला आणि त्यात नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये नोंदली गेली. २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने अकरावं जोडलं गेलं: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं. यादीत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर सर्वात वर आहे, तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच यादीत खाली सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आहे, नद्या-तळी-वनं-वन्यप्राणी यांची काळजी आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं आहे, धर्म-भाषा-प्रदेश यांच्या पलीकडचा बंधुभाव आहे.

ही कर्तव्ये पाळली नाहीत म्हणून थेट शिक्षा होत नाही. शिक्षा व्हायची ती वेगळ्या कायद्यांनी होते, ध्वजाच्या अवमानासाठी १९७१ चा कायदा आहे तसा. पण एसटीची सीट ब्लेडने फाडणारा हात आणि पंधरा ऑगस्टला सॅल्यूट ठोकणारा हात एकाच माणसाचा असतो, तेव्हा त्याने यादीतली पहिलीच ओळ वाचलेली असते.

ग्रामसभेला जाऊन खरंच काही होतं का? आमच्याकडे तर ती कागदावरच होते.

कागदावर होते हे अगदी मान्य. मी एका गावात गेलो होतो, नाव सांगत नाही. लिंबाखाली अकरा जण बसले होते. सभा संपल्यावर हजेरीचं रजिस्टर हातात आलं, त्यात सह्या होत्या त्रेचाळीस. त्यातल्या सात एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या, 'र' ला तीच शेपटी. शिपाई म्हणाला, "घरी जाऊन घेतल्या साहेब, लोक कामाला जात्यात."

असं का होतं ते बघा. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. बहुतेक ठिकाणी ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ठेवतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे तुम्ही पहिल्या सभेला गेला नाहीत तर दुसरी सभा दहा माणसांतही उरकता येते, आणि ते सगळं नियमात बसतं. गावाच्या पैशाचे निर्णय या फटीतून सरकतात.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. सभेची नोटीस लागली की तिचा फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, आणि पाच घरांना तोंडी सांगायचं. ग्रुपवर टाकलेलं लोक बघतात, तोंडी सांगितलेलं ऐकून येतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते हेही पुष्कळांना ठाऊक नसतं, त्यामुळे तीही रजिस्टरमध्येच होऊन जाते.

दुसरं, आत गेल्यावर काय मागायचं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणायचं. प्रोसिडिंग बुक उघडलं की निम्मी गंमत संपते, कारण मागच्या वेळी मंजूर झालेलं काम कुठे अडलं ते सगळ्यांसमोर येतं. मग जमाखर्च. ग्रामपंचायतीचा बराचसा आराखडा आणि खर्च आता ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो, तो आधी मोबाइलवर बघून जा. 'भ्रष्टाचार झालाय' असं ओरडण्यापेक्षा 'शाळेच्या कंपाउंडला इतके रुपये पडलेत, ते कंपाउंड कुठल्या बाजूला आहे?' एवढंच विचारलं तर सभा एकदम शांत होते.

आणि होतं का काही, तर होतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायची शिस्त गावाने लावून घेतली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण घेण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. एका गावच्या ठरावामागून मंत्रालयाचा कागद निघाला. एरवी कागदाची वाट उलटी असते.

ठराव झाला. आता काम होईल ना?

महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा ठरावाला पाय फुटले. त्याबद्दल माणसांनी मारही खाल्ला.

आपला ठराव स्ट्रीटलाइटचा असला तरी तो आपोआप चालत नाही. ठरावाची नक्कल मागून घ्या, त्यावर तारीख आणि ठराव क्रमांक आहे ना ते बघा, आणि पुढच्या सभेत त्याच क्रमांकाने विचारा. 'मागे ठरलं होतं त्याचं काय झालं' या प्रश्नाला उत्तर न देता सुटता येतं. 'ठराव क्रमांक सातचं काय झालं' म्हटलं की पुस्तक उघडावंच लागतं.

शहरात ग्रामसभा नाही. आम्ही कुठे जायचं?

खरं सांगायचं तर शहरी माणसाची इथे कुचंबणाच आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. ७४ व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्यात बसतात नगरसेवक. सामान्य मतदाराने हक्काने जाऊन बसावं असं ठिकाण उरत नाही. उरतो तो नगरसेवकाचा दरवाजा, प्रभाग कार्यालय, तक्रारीचं ॲप आणि सोसायटी.

सोसायटीला मात्र कमी लेखू नका. वार्षिक सर्वसाधारण सभा ही शहरातल्या माणसाची लोकशाहीची तालीम आहे. जो माणूस पार्किंगच्या वादात दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेऊ शकतो, तो कुठल्याही सभागृहात टिकेल. आमच्याकडे एक काकू आहेत, दर सभेला हिशेबाची प्रत आधी मागवून पेन्सिलने खुणा करून आणतात. सेक्रेटरी त्यांना वचकून असतो. त्यांचा प्रश्न बहुधा चाळीस-पन्नास रुपयांचा असतो, पण त्या येणार म्हणून बाकीचे आकडे सरळ येतात.

अर्ज करूनही काही होत नाही. चुकतंय कुठे?

बऱ्याचदा अर्जातच. आमच्या रस्त्यावरचा दिवा चार महिने बंद होता. पहिला अर्ज: 'आमच्या भागातील पथदिवे बंद असून नागरिकांची गैरसोय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' उत्तर नाही. दुसऱ्या अर्जात गैरसोयीची जागा 'प्रचंड गैरसोयी'ने घेतली, बाकी तेच. तिसऱ्याला उत्तर आलं, 'ठिकाणाचा बोध होत नाही.' मी रागाने लाल झालो. मग वायरमनने सांगितलं, "खांबाचा नंबर टाका की." खांबाला नंबर असतो हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं. पिवळ्या रंगात, डोळ्यांच्या उंचीवर, इतकी वर्षं तिथंच होता. चौथ्या अर्जात खांब क्रमांक, बंद पडल्याची तारीख, रात्रीचा फोटो आणि फक्त तीन ओळी. दिवा लागला.

तेव्हापासूनचा नियम: एक अर्ज, एक विषय, एक ठिकाण, एक मागणी. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द टाळायचे, कारण काहीच न करणं हीसुद्धा कुणाच्या तरी मते योग्य कार्यवाही असते. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

तरीही हलत नसेल तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून कहाणी लिहू नका. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली त्याची नोंद द्या' एवढ्या एका ओळीने पुष्कळदा कामच होऊन जातं आणि उत्तराची गरज उरत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. दाखले, नोंदी, परवाने अशा सेवांसाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात कुठली सेवा किती दिवसांत द्यायची ते जाहीर करावं लागतं, आणि तो फलक कार्यालयातच असतो. बहुधा कपाटामागे.

१५ ऑगस्टला आमच्या चौकात आम्हीच झेंडा लावतो. नियम काय आहेत?

भारतीय ध्वज संहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. त्याआधी सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावायची मोकळीक नव्हती. नवीन जिंदल यांच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनलेला ध्वज चालतो. जुलै २०२२ पासून नागरिकांना रात्रीही ध्वज ठेवता येतो. लांबी-उंची ३:२. केशरी वर. जमिनीला किंवा पाण्याला स्पर्श नको, त्यावर काही लिहायचं नाही, टेबलक्लॉथ किंवा गाडीचं झाकण करायचं नाही. फाटलेला, विटलेला ध्वज लावायचा नाही. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही.

नियम वाचून येतात. गाठ येत नाही. आमच्या चौकात एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली आणि ध्वज वरच अडकला. पाकळ्यांऐवजी कुणीतरी अख्खी झेंडूची फुलं भरली होती, वर दुहेरी गाठ. पाहुणे ओढताहेत, गाठ आणखी आवळतेय, शाळेची पोरं सावधानमध्ये उभी. शेवटी रिक्षास्टँडवरचा एक जण पुढे आला, त्याने दोरी सैल सोडून ध्वज हळूच खाली घेतला, गाठ सोडवून पुन्हा बांधली, एका झटक्यात सुटणारी. परत वर. दोन मिनिटांचा प्रकार, पण ती दोन मिनिटं संपता संपत नव्हती. तेव्हापासून १४ तारखेच्या संध्याकाळी तोच माणूस दोरी तपासायला येतो. नवी दोरी असेल तर ओली करून ताणून ठेवतो. पत्रिकेत त्याचं नाव कधी छापलेलं नाही, ही आमची चूक.

आणि १६ ऑगस्टची सकाळ. कागदी झेंडे गटारात, प्लास्टिकचे चाकाखाली. खराब झालेला ध्वज खाजगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा असं संहिता सांगते. एक खोकं ठेवा, 'झेंडे इथे जमा करा' अशी पाटी लावा आणि १५ च्या दुपारीच चार पोरांना फेरी मारायला लावा. माझ्या मते पोरांना देशभक्ती शिकवायला ही फेरी भाषणापेक्षा बरी.

राष्ट्रगीताला कुणी गायलं नाही किंवा उभं राहिलं नाही, तर काय करायचं?

उभं राहावं, आणि ५२ सेकंद स्थिर राहणं फार कठीण नाही. पण दुसऱ्याच्या ओठांवर लक्ष ठेवणं हे तुमचं काम नाही. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन मुलांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ती आदराने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नव्हती, म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. सिनेमागृहात राष्ट्रगीत सक्तीचं करणारा २०१६ चा आदेशही न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक केला. शेजारचे आजोबा बसून असतील तर आधी त्यांचे गुडघे बघा. मारहाण केली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, आणि व्हायलाच हवा.

तक्रारी केल्या की 'तुम्हाला गावाचं चांगलं बघवत नाही' असं ऐकावं लागतं.

ऐकावं लागतं खरं. देशाच्या पातळीवर याच वाक्याचा मोठा भाऊ असतो. ज्याला आपल्या घराची पडझड दिसते तोच कवलं बदलायला वर चढतो, पाहुण्याला काय त्याचं. तरीही एक पथ्य पाळा: तीन तक्रारींमागे एक तरी आभाराचं पत्र जाऊ द्या. दिवा लागला तर वायरमनच्या वरिष्ठांना दोन ओळी लिहा. त्या कार्यालयात अशी पत्रं इतकी दुर्मीळ असतात की ती फायलीत जपून ठेवतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला होता. तो मोठ्या नेत्यांपुरता समजू नये. चौकातल्या दादालाही तो लागू आहे, आणि चांगलं काम करणाऱ्या आपल्या लाडक्या कार्यकर्त्यालाही.

लोक येतच नाहीत. सगळे म्हणतात, 'छान काम करताय, चालू ठेवा.'

'सगळ्यांनी यावे' अशा निरोपाला कुणीच येत नाही, कारण 'सगळे' या नावाचा माणूस गल्लीत राहत नाही. 'संतोष, रविवारी सात ते आठ तू आणि तुझं घमेलं हवं' म्हटलं तर संतोष येतो. वेळ सुरू होण्याची सांगतो तशी संपण्याचीही सांगा आणि ती पाळा. आठ म्हणजे आठला काम थांबलं, अर्धं राहिलं तरी थांबलं, की पुढच्या रविवारी बायकाही घरातून निघू शकतात, कारण त्यांना परत जाऊन स्वयंपाक गाठायचा असतो.

चहाचा खर्च एकानेच करू नये. जो नेहमी चहा पाजतो तो हळूहळू मालक होतो.

आणि सभा संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं ते बघत जा. स्टेजवरून उतरून थेट गाडीत बसणारे कोण, आणि सतरंजी झटकून घडी घालणारे कोण. पुढची जबाबदारी कुणाला द्यायची हे मला तरी तिथंच कळत आलंय.

वर्गणी जमवायची आहे. काय काळजी घ्यावी?

पैसा हाच चांगल्या मंडळांचा घात करतो, आणि तो दरवेळी चोरीमुळे होतो असं नाही. बहुतेकदा कारण असतं न लिहिलेला हिशेब. संस्था नोंदणीकृत नसेल आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं ती दरवर्षी काढतात, बाकीच्यांना तो नियम आपल्यालाही आहे हे माहीतच नसतं.

पावतीपुस्तकाचे नंबर लागोपाठ असावेत. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. कार्यक्रम संपल्यावर आठ दिवसांत हिशेब फळ्यावर, उरलेल्या ३४० रुपयांसकट. आमचं एक चांगलं चाललेलं मंडळ फुटलं ते असल्याच किरकोळ रकमेवरून. कुणी खाल्ली नव्हती, खजिनदाराने पुढच्या वर्षीच्या दोरीसाठी बाजूला ठेवली होती, फक्त लिहिलं नव्हतं. दोन सख्खे शेजारी सहा वर्षं बोलत नव्हते.

आमच्या कामावर नगरसेवकाचा फ्लेक्स लागला. चीड येते.

येऊ द्या, पण फ्लेक्स फाडू नका. झाड जगणं महत्त्वाचं, खड्ड्यावर नाव कुणाचं हे पावसाळ्यानंतर कुणी वाचत नाही. सगळ्या पक्षांना एकसारखं पत्र द्या, सगळ्यांचे आभार एकाच सुरात माना. एक मात्र नक्की: निवडणुकीच्या काळात गटाच्या ग्रुपवर प्रचार बंद. स्वतः उभं राहायचं असेल तर बेलाशक राहा, फक्त आधी गटातली जबाबदारी सोडा आणि तसं सगळ्यांसमोर सांगा.

मी महिला सदस्य आहे. बैठकीला 'ह्यांनाच' बोलावतात.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीत 'सरपंचपती' बसतात हे उघड गुपित आहे. उपाय एका दिवसात होणार नाही. पण सही कधीही कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या प्रोसिडिंगवर करू नका, एवढं आजपासून जमेल. 'वाचून उद्या करते' म्हणा. पहिल्या वेळी हसतील. सही तुमची आहे आणि चौकशी झाली तर नोटीसही तुमच्याच नावाने येईल, हे घरी शांतपणे एकदा सांगा. शेजारच्या गावातल्या दोन-तीन महिला सदस्यांशी फोनवर ओळख ठेवा. नियम विचारायला ती मदत नवऱ्यापेक्षा भरवशाची ठरते, असं मला त्यांच्याकडूनच कळलं.

मुलांना हे कसं शिकवावं?

मुलं ऐकत नाहीत, बघतात. तुम्ही गाडीतून केळ्याची साल बाहेर टाकलीत की नागरिकशास्त्राचा तास संपला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. त्यातलं मला आवडलेलं असं की बंद मोठ्यांचेही होतात.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबावं का? नंतर पोलिसांचा ससेमिरा लागतो म्हणतात.

थांबा. ११२ ला फोन करा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे कलम मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, वादाच्या वेळी दाखवता येतं.

रात्री बारापर्यंत डीजे. विरोध केला तर 'धर्मविरोधी' ठरतो.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्या दिवसांची यादी जाहीर होते. त्या रात्री एकट्याने मंडपात जाऊन वाद घालू नका. उत्सवाच्या पंधरा दिवस आधी मंडळाच्या पोरांना घरी बोलवा, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कोण आजारी आहे ते सांगा. स्पीकरची तोंडं कुठल्या बाजूला हवीत एवढ्या गोष्टीवरही निम्मा प्रश्न मिटतो.

थकवा आलाय. सोडून द्यावं का?

द्यावं. वीस वर्षं एकच माणूस अध्यक्ष असलेल्या गटात त्याच्याखाली काही उगवत नाही, वडाखाली उगवत नाही तसं. फक्त सोडताना नीट सोडा. ठरावांच्या नकला, अर्जांच्या पोचा, पावतीपुस्तकं आणि वायरमन, व्हॉल्व्हमन, तलाठी यांचे नंबर, हे सगळं एका फायलीत लावा. दुसऱ्याच्या हाती देताना एक-दोन बैठकांना मागच्या रांगेत बसा आणि तोंड बंद ठेवा. ही शेवटची गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही. मागच्याच बैठकीत नव्या मुलीने अर्जात 'योग्य ती कार्यवाही' लिहिलं आणि मी मागून ओरडलो. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "काका, खांब नंबर टाकलाय खाली. आधी पूर्ण वाचा."